रोजचा सुगंध रोजच वापरावा



या खेपेच्या पत्रांत एका भगिनीचं पत्र आहे. त्यातला प्रश्न पुष्कळजणींच्या मनात असेल, फक्त विचारायला संकोच वाटत असेल. या भगिनी एका पतसंस्थेत नुकत्याच कामाला लागल्या आहेत. सकाळी घरचं आवरून एस.टी.नं जायचं, दिवसभर काउंटरवर माणसांशी बोलायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्या लिहितात, 'रोज लावता येईल असं एखादं हलकं सेंट सुचवा. लिंबासारखं ताजं आणि थोडंसं फुलांचं. डोकं दुखवेल असं नको आणि किंमत बेताची हवी.' आणि पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात, 'मुलांच्या शिक्षणाचा खर्च चालू असताना स्वतःसाठी असं काही घेणं बरं दिसेल का?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते. दुसऱ्याचं उत्तर पुष्कळसं त्यातूनच निघेल, पण तेही टाळणार नाही.

एक आधीच सांगते. अमुक कंपनीची तमुक बाटली घ्या, असं मी सांगणार नाही. एकच सेंट दोन सख्ख्या बहिणींच्या अंगावर वेगळं लागतं. तेलकट त्वचेवर ते टिकतं, कोरड्या त्वचेवर लवकर उडतं. आपल्या नगरची हवा तर बहुतेक वर्षभर कोरडीच. (२०२४ साली नाव अहिल्यानगर झालं खरं, पण बोलण्यात अजून 'नगर'च येतं!) म्हणून बाटलीचं नाव सांगण्यापेक्षा ती पारखायची कशी, ते सांगते. एकदा पारख आली, की दुकानदारानं काहीही गळ्यात मारू म्हटलं तरी फसायला होत नाही.

हा वास नेमका कसला?

हल्ली बाटल्यांवर 'फ्लोरल सिट्रस' असं लिहिलेलं असतं. म्हणजे फुलांचा वास आणि लिंबू-संत्र्याच्या सालीचा वास, दोन्ही एकत्र. नाव परकं असलं तरी हा वास आपल्या जिल्ह्याला नवा नाही. श्रीगोंद्याकडे लिंबाच्या बागा आहेत. आंबेबहार धरलेल्या बागेत जानेवारी-फेब्रुवारीत झाडं पांढऱ्या फुलांनी भरून जातात. त्या दिवसांत बागेतून गेलात, तर फुलांचा गोडसर वास येतो आणि हाताशी आलेलं पान चुरगाळलं, की त्यात लिंबाचा झणका मिसळतो. हाच तो वास! आमच्या नागापूरवरून जो मनमाड रस्ता जातो, त्याच रस्त्यावर पुढे राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. 'साई सरबती' हे लिंबाचं नावाजलेलं वाण तिथलंच.

सेंट बनवणाऱ्यांचं आवडतं झाड मात्र कडू संत्र्याचं. त्याच्या फुलांपासून 'नेरोली' नावाचं तेल काढतात, सालीपासून वेगळं तेल निघतं आणि पानं-काड्यांपासून आणखी तिसरं. एकाच झाडाचे तीन वास. बाटलीवर नेरोली, ऑरेंज ब्लॉसम, बर्गमॉट, लेमन असे शब्द असतील आणि सोबत जॅस्मिन किंवा रोझ असेल, तर आपल्याला हवा तो प्रकार आहे असं समजावं. बर्गमॉट हेही लिंबाच्याच जातीतलं एक फळ.

थोरल्या पिढीला हा प्रकार दुसऱ्या नावानं ठाऊक आहे. ताप चढला, की आई किंवा आजी कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची, आठवतं? ते कोलन वॉटर म्हणजे या साऱ्या लिंबूवासाच्या सेंटांची पणजी. इटलीतून जर्मनीतल्या कोलोन शहरात आलेल्या योहान मारिया फारिना या माणसानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते तयार केलं. त्याच्या घराण्याची पेढी १७०९ सालची. मद्यार्कात लिंबू, संत्रं, बर्गमॉट यांची तेलं आणि जोडीला थोडी फुलं, असं ते मिश्रण. जाता जाता एक सांगते, आता डॉक्टर मंडळी तापात लहान मुलांना मद्यार्काच्या घड्या ठेवू नका, साध्या पाण्यानं अंग पुसा, असं सांगतात. तेव्हा कोलन वॉटर आपल्या रुमालापुरतंच ठेवावं.

सुगंधाचा धंदा म्हणजे सगळा परदेशी, असंही नाही बरं का. एस. एच. केळकर आणि कंपनी ही मराठी मंडळींची पेढी मुंबईत १९२२ साली सुरू झाली. साबण, पावडर, केसांचं तेल अशा वस्तूंत घालायचे सुगंध तयार करून कारखान्यांना पुरवायचे, हा तिचा व्यवसाय. मुलुंडचं वझे-केळकर कॉलेज पुष्कळांना माहीत असेल. केळकर एज्युकेशन ट्रस्टनं ते १९८४ साली काढलं आणि पुढे तिथे सुगंध व सौंदर्यप्रसाधनांचा पदवीनंतरचा अभ्यासक्रमही सुरू झाला. रसायनशास्त्र घेतलेली मुलगी घरात असेल, तर या वाटेची चौकशी करून ठेवायला हरकत नाही.

स्वस्त म्हणजे खोटं का?

'एवढ्या कमी किमतीत खरी फुलं असतील का हो?' असं एकीनं मला विचारलं होतं. नसतात, आणि त्यात फसवणूकही नाही. चमेलीचा एक किलो अर्क काढायला सहाशे किलोंहून जास्त फुलं लागतात. तोडणारीचे हात आणि पहाटेची मजुरी धरली, तर तो अर्क चार-पाचशे रुपयांच्या बाटलीत बसणार कसा? म्हणून फुलांचा वास प्रयोगशाळेत तयार करतात. हेडिओन नावाचं एक द्रव्य आहे, त्याला चमेलीसारखा, पण हवेशीर वास असतो. १९६६ साली दिओर या फ्रेंच कंपनीच्या 'ओ सोवाज' या पुरुषांच्या लिंबूवासाच्या सेंटात ते वापरलं आणि त्याचं फार नाव झालं. त्यानंतर बायकांच्या आणि पुरुषांच्या असंख्य सेंटांत ते आलं. आज मध्यम किमतीत असा छान हलका वास मिळतो, तो अशा द्रव्यांमुळे. उलट दोनशे रुपयांच्या बाटलीवर 'शंभर टक्के खऱ्या मोगऱ्याचं' असं लिहिलं असेल, तर तिथेच सावध व्हावं.

पहिल्या मिनिटाला भुलू नका

आता मुद्द्याची गोष्ट. लिंबाची साल बोटांनी दाबून पाहा. बारीक तुषार उडतो, हात दरवळतो आणि थोड्या वेळानं वास नाहीसा होतो. त्या तुषारात मुख्यतः लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. ते फार हलकं, म्हणून आधी नाकात शिरतं आणि आधीच उडून जातं. फुलांच्या वासाची द्रव्यं त्याहून जड, ती दोन-तीन तास राहतात. त्यांच्या मागे कस्तुरीसारखी, चंदनासारखी किंवा व्हॅनिलासारखी द्रव्यं असतात. ती सगळ्यांत जड. कपड्याला संध्याकाळपर्यंत चिकटून राहतात ती हीच.

म्हणजे कोणतंही लिंबू-फुलांचं सेंट अंगावर तीनदा बदलतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं लिंबू, मग फूल आणि शेवटी तळचा वास. दुकानात आपण फवारा मारतो, लिंबाचा ताजेपणा आवडतो आणि लगेच पैसे मोजतो. घरी आल्यावर वाटतं, 'अगं, हे तर वेगळंच लागतंय!' बाटली बदललेली नसते, वास पुढे गेलेला असतो. आपल्याला दिवसभर सोबत राहणार असतो तो दुसरा आणि तिसरा वास, आणि नेमका तोच आपण हुंगलेला नसतो.

म्हणून माझी रीत सांगते. सेंट घ्यायला मुद्दाम म्हणून जाऊच नये. कापड बाजारात दुसऱ्या कामांसाठी जाल, तेव्हा आधी सेंटच्या दुकानात शिरावं. त्या दिवशी हाताला सुवासिक क्रीम वगैरे लावलेलं नसावं. आधी कागदी पट्ट्यांवर हुंगून त्यांतली दोनच निवडावीत. दोनाहून जास्त नकोत, नाक गोंधळतं. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या मनगटावर लावावं आणि पैसे न देता बाहेर पडावं. मग अस्तराचं कापड घ्या, शिंप्याकडे जा, भाजी घ्या. तासाभरानं दोन्ही मनगटं हुंगा. घरी येऊन स्वयंपाकाला लागा आणि जेवणं झाल्यावर पुन्हा हुंगा. तोवर डोकं दुखलं का? घाम आल्यावर वास आंबूस झाला का? केसांना आपण रोज लावतो त्या तेलाशी त्याचं भांडण होतंय का? या तीन प्रश्नांत जे पास होईल, ते पुढच्या फेरीत घ्यावं. दुकानदार 'ताई, शेवटचीच बाटली आहे' म्हणेल, म्हणू द्या.

मोबाइलवरून मागवणाऱ्यांना हुंगून पाहता येत नाही. त्यांनी आधी पाच-दहा मिलिलिटरची छोटी कुपी मागवावी. मोठ्या बाटलीच्या सवलतीला भुलून तीन बाटल्यांचा संच घेऊ नये.

बाटलीवर काय वाचाल?

बाटलीवरचे परके शब्द घाबरवतात, पण अर्थ सोपा आहे. सुगंधाचा अंश किती आणि मद्यार्क किती, एवढंच ते सांगतात. 'ओ द परफ्यूम' म्हणजे सुगंधाचा अंश साधारण १५ ते २० टक्के. 'ओ द टॉयलेट' म्हणजे साधारण ५ ते १५ टक्के. (नावातला 'टॉयलेट' हा फ्रेंच शब्द साजशृंगारासाठी आहे, उगाच नाक मुरडू नका!) 'कोलोन' म्हणजे २ ते ५ टक्के आणि 'बॉडी मिस्ट' त्याहूनही पातळ. डिओडरंट ही निराळीच वस्तू, ती घामाच्या वासासाठी. आणि अत्तर म्हणजे मद्यार्काशिवाय, तेलातलं. पूर्वी ते चंदनाच्या तेलात उतरवत. आता चंदन महागल्यामुळे स्वस्त अत्तरं बहुधा दुसऱ्याच तेलात असतात, एवढं लक्षात असू द्या. दिवसभर बाहेर राहणारीनं पहिल्या दोन प्रकारांतलं घ्यावं.

शिवाय खोक्यावर पाच गोष्टी शोधाव्यात. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांना २०२० सालचे नियम लागू आहेत, त्यात सेंटही येतं. परदेशी बाटली असेल, तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. आठवडे बाजारात मोठ्या कंपन्यांच्या नावांशी मिळत्याजुळत्या नावांच्या बाटल्या शंभर-दीडशेला मिळतात. त्यांवर यांतलं काहीच नसतं. अशी बाटली कितीही स्वस्त असली, तरी अंगाला लावायची नाही.

खर्चाचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. फवाऱ्याच्या एका दाबाला साधारण दहावा हिस्सा मिलिलिटर बाहेर पडतं. म्हणजे ५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ५०० फवारे. रोज ३ फवारे धरले, तर ती बाटली १६५ दिवस, म्हणजे साडेपाच महिने पुरते. बाटली ५०० रुपयांची असेल, तर दिवसाला ३ रुपये झाले.

दीडशे मिलिलिटरची बॉडी मिस्टची बाटली २५० रुपयांना मिळाली, तर ती कितीतरी स्वस्त दिसते. पण ते पातळ असल्यामुळे सकाळी सहा आणि दुपारी सहा फवारे मारले जातात. १५०० फवारे १२५ दिवसांत संपले, म्हणजे दिवसाला २ रुपये. फरक पडला तो एका रुपयाचा! आणि दहा मिलिलिटरची कुपी १५० रुपयांना घेतली, तर रोज ३ फवाऱ्यांनी ती ३३ दिवस पुरते, म्हणजे दिवसाला साडेचार रुपये. म्हणून कुपी पारखण्यासाठी आणि पर्समध्ये ठेवण्यासाठी, रोजच्यासाठी मात्र पारखून घेतलेली मधली बाटली. किमती गावोगावी निराळ्या असतील. आकडे तुमचे घाला, रीत हीच.

लावायचं कुठे आणि किती?

आंघोळीनंतर अंग नुकतं पुसलेलं असताना लावावं. त्वचा फार कोरडी असेल, तर मनगटाला आणि कोपराच्या आतल्या बाजूला आधी पेट्रोलियम जेलीचं किंचित बोट फिरवावं, त्यावर वास अधिक टिकतो. दोन्ही मनगटं एकमेकांवर खसाखसा घासू नयेत, त्यानं वरचा लिंबूवास आणखी लवकर उडतो. नुकतंच वॅक्सिंग केलेल्या जागी, खरचटलेल्या जागी किंवा काखेत लावू नये. रेशमी साडी, जर आणि मोती यांपासून दूर ठेवावं. डाग पडतात, मोत्याची चमक जाते. सुती कपड्याला चालतं, पण आधी आतल्या टोकावर लावून पाहावं. नवीन सेंट आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून पाहावं. खाज सुटली किंवा लाली आली, तर पुढे वापरू नये.

लावल्यानंतर पाव-अर्ध्या तासानं आपला आपल्याला वास येईनासा होतो. तो उडालेला नसतो, नाकाला सवय झालेली असते. म्हणून पुन्हा फवारे मारू नयेत. आपल्याला येत नाही म्हणून वाढवत गेलं, की शेजारी बसलेलीला नको नकोसं होतं. मी अर्धा दिवस शाळेत शिकवते. वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात, पावसाळ्यात खिडक्या लावलेल्या असतात आणि त्यांत एखाद्या मुलाला दमा असतो. उग्र वासानं दमेकऱ्याला धाप लागू शकते, अर्धशिशीवाल्याचं डोकं उठू शकतं. घरात सासूबाईंना किंवा सासऱ्यांना दमा असेल, तर घरात न मारता बाहेर पडताना गच्चीवर किंवा अंगणात एकच फवारा मारावा. हातभर अंतरावरच्या माणसाला कळेल, एवढा सुगंध पुरे.

आणि हे तर कायम ध्यानात ठेवा. बाटलीत बहुतेक मद्यार्कच असतं आणि तो झटकन पेट घेतो. गॅसजवळ, देवघरातल्या समईजवळ, पेटत्या उदबत्तीजवळ फवारा मारायचा नाही. लावल्यावर वाळू द्यावं आणि मगच चहाचं आधण ठेवायला जावं.

घरीच करावं का?

लिंबाच्या साली तेलात किंवा मद्यार्कात मुरवून घरच्या घरी सेंट करण्याच्या कृती सगळीकडे सांगितल्या जातात. माझं ऐकाल, तर अंगाला लावण्यासाठी ते करू नका. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात, की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि पुढे काळे डाग पडतात. ते डाग जायला आठवडे, कधी महिनेही लागतात. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन काही सौम्य नाही! चांगले कारखाने ही द्रव्यं काढून टाकलेली किंवा मर्यादेत ठेवलेली तेलं वापरतात, घरी आपल्याला ते जमत नाही. साली वाळवून कपाटात कपड्यांच्या घड्यांत ठेवा, भांडी घासताना वापरा, तिथे त्या कामाच्या आहेत.

'जपून ठेवलंय'

आता ठेवणीचा विषय. आपल्या बायकांना चांगली वस्तू दिसली, की ती ठेवून द्यायची सवय. ठेवणीतली साडी, ठेवणीतले कप, ठेवणीतली चादर. साडी ठेवली तर राहते. सेंट राहत नाही. उष्णता, उजेड आणि हवा या तिघांनी ते उतरतं आणि लिंबूवासाचं सर्वांत आधी उतरतं. लिमोनीनला हवा लागत राहिली, की ते बदलत जातं. मग वास टर्पेंटाइनसारखा किंवा खवट तेलासारखा येतो, रंग गडद होतो. आणि नुसता वासच जातो असं नाही. या बदललेल्या द्रव्यानं त्वचेवर ॲलर्जी उठते. म्हणून जुनी, रंग बदललेली बाटली 'पैसे वाया नकोत' म्हणून अंगावर संपवू नये. उघडल्यापासून साधारण दोन वर्षांत आणि बाटलीवरच्या तारखेच्या आत संपवावी. ती न्हाणीघरात किंवा खिडकीशी न ठेवता खोक्यात घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावी.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना लेकीनं पहिल्या पगारातून अशीच लिंबू-फुलांची बाटली आणून दिली होती. काकूंनी ती कपाटाच्या वर, बांगड्यांच्या डब्याशेजारी ठेवली. घर पत्र्याचं. चार उन्हाळे तिनं तिथेच काढले. लेकीच्या डोहाळजेवणाला काकूंनी हौसेनं सील फोडलं, तर पाणी पिवळं पडलेलं आणि वास गेलेला. मला म्हणाल्या, 'दर दिवाळीला विचारायची गं ती, आई, लावलंस का? मी म्हणायचे, जपून ठेवलंय.'

मी काय बोलणार? पण तेव्हापासून ज्या ज्या मैत्रिणीला अशी भेट मिळते, तिला मी त्याच दिवशी सील फोडायला लावते. देणाऱ्याला आपल्या अंगाला तो वास यावा असं वाटत असतं, कपाटाला नव्हे.

आता त्या बारीक अक्षरातल्या प्रश्नाकडे येते. बरं दिसेल का? हळदीकुंकवाला आपण दारी आलेल्या प्रत्येकीच्या हाताला अत्तर लावतो, गुलाबपाणी शिंपडतो. तो खर्च कधी कोणाला खटकला नाही. कारण तो दुसरीसाठी असतो. आणि गजरा? मोगऱ्याच्या दिवसांत आपल्या आया-आज्या संध्याकाळी तोंड धुऊन, वेणी घालून गजरा माळायच्याच. गजरा उद्यासाठी ठेवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तो त्याच दिवशी केसांत जायचा. उधळपट्टी म्हणून त्यांना कोणी बोललं नाही. दिवसाचे तीन रुपये म्हणजे एका गजऱ्याच्या किमतीपेक्षाही कमी. मुलांची फी भरून, किराण्याची यादी पुरी करून तेवढे उरत असतील, तर खुशाल घ्यावं आणि ते लपवू नये. महिन्याच्या जमाखर्चाच्या वहीत पेपर, इस्त्री, मोबाइल यांच्याखाली 'सेंट' अशी स्वतंत्र ओळ लिहावी. लिहिलेला खर्च आवाक्यात राहतो आणि कोणी विचारलं तर वहीच पुढे करता येते.

या महिन्यात उरत नसतील, तर घाई नाही. अंघोळीच्या साबणाचा मंद वास आणि धुतलेली सुती साडी, यात काही कमी नाही. पुढच्या महिन्यात दहा मिलिलिटरची कुपी घ्यावी. पण एखादी भेट मिळालेली बाटली कपाटात पडून असेल, तर आज संध्याकाळी ती काढा. उजेडात धरून रंग पाहा, कागदाच्या कपट्यावर एक फवारा मारून हुंगा. चांगली असेल, तर उद्या सकाळपासून लावायला सुरुवात करा आणि जिनं दिली तिला तसं कळवा.

केसांच्या तेलाशी आणि सेंटाशी कोणाचं कसं जमलं, ते मला जरूर लिहा. दोन वासांचा मेळ घालायच्या तुमच्या युक्त्या आल्या, तर त्या याच सदरात देईन. पुढच्या अंकात पावसाळ्यात न वाळणारे कपडे आणि त्यांना येणारा कुबट वास, यांचा बंदोबस्त पाहू.